फोनवर बघितलेलं आणि कळलेलं

विज्ञानाच्या_बाई:

नमस्कार मंडळी. कसबा बावड्याकडच्या एका शाळेत मी आठवी-नववीला विज्ञान शिकवते. पालकसभा झाली की दर वेळी तोच विषय निघतो, म्हणून म्हटलं इथं एकदा सगळ्यांशी नीट बोलावं.

तक्रार ठरलेली असते: पोरं दिवसभर फोनमध्ये डोकं घालून बसतात. त्यावरचा सल्लाही ठरलेला: रील्स-गाणी बंद करा, फोनवर ज्ञानाचं काहीतरी बघा. हा सल्ला मला पटत नाही. माझ्या वर्गातली बरीच पोरं ज्ञानाचंच बघतात. कृष्णविवर म्हणा, डायनोसॉर म्हणा, समुद्राचा तळ म्हणा, नाव काढायचा अवकाश, भराभर हात वर होतात. "बाई, मी बघितलंय ते!" मग मी विचारते, "का होतं तसं?" आणि हात खाली येतात. त्या पोरांनी छान चित्रं बघितली, त्यांचा वेळ बरा गेला. ती करमणूकच होती, विषय तेवढा विज्ञानाचा होता. करमणुकीला माझी ना नाही. पण तिला अभ्यास म्हणून आपण मोठी माणसं समाधान मानतो, याची मला काळजी वाटते. बघितलं म्हणजे कळलं, असं मग पोरांनाही वाटायला लागतं.

एक उदाहरण देते. अंबाबाईचा किरणोत्सव ज्यानं कधी बघितला नाही असा माणूस कोल्हापुरात सापडायचा नाही. देवळात जाता आलं नाही तरी फोनवर दिसतोच. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात, चरणांवरून वर चढत मुखापर्यंत जातात. वर्गात सगळ्यांनी बघितलेला होता. मी विचारलं, "नोव्हेंबरात ९, १०, ११ तारखेला हा सोहळा होतो. मग परत ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला का होतो? वर्षातनं दोनदाच का, आणि याच तारखांना का?" सगळा वर्ग गप्प.

म्हटलं, घरी जाऊन फोनवरच शोधा. व्हिडिओ बघायचा नाही. कॅलेंडर उघडा. स्टेलॅरियम नावाचं आकाश दाखवणारं ॲप आहे, त्यात कोल्हापूर टाका आणि एकेका तारखेचा सूर्यास्त बघा. दुसऱ्या दिवशी मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, वही घेऊन थेट टेबलापाशी आली. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर, ४१ दिवस. २१ डिसेंबर ते ३१ जानेवारी, परत ४१ दिवस. "बाई, दोन्हीकडं सारखंच आहे!" पुढचं वर्गानंच जुळवलं. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडं सरकत असतो, २१ डिसेंबरच्या सुमारास टोक गाठतो आणि माघारी फिरतो. जाताना जिथं मावळला तिथंच येताना परत मावळणार. कोल्हापुरातनं बघितलं तर किरणोत्सवाच्या दिवसांत तो नेमक्या पश्चिमेपासून दक्षिणेकडं साधारण १८ अंशांवर मावळतो, २१ डिसेंबरला साडेचोवीस अंशांवर. दोन-तीन पोरं संध्याकाळी गच्चीवर फोनचा कंपास घेऊन गेली. पत्र्याच्या शेडजवळ सुई भलतीकडंच दाखवते हे त्यांना तिथं कळलं, मग लोखंडापासून लांब जाऊन परत बघितलं.

तोच फोन, तीच पोरं. म्हणून माझं मत असं झालंय की स्क्रीनवर काय चाललंय यावरून करमणूक की ज्ञान हे ठरवूच नये. बघणाऱ्याला काही प्रश्न पडला होता का, आणि बघितल्यावर त्यानं वहीत, गच्चीवर, शेतात, कुठंतरी काहीतरी केलं का, एवढंच विचारावं. तुमचा अनुभव काय?

पेठेतला:

बाई, किरणोत्सवाचं लई आवडलं. पण करमणुकीच्या बाजूनं कोणीतरी बोलाय पाहिजे म्हणून मी बोलतो. मी महाद्वार रोडला कापडाच्या दुकानात कामाला आहे. सकाळी शटर उघडल्यापास्नं रात्री बंद होईस्तोवर उभं. घरी गेल्यावर मला कुठलं ज्ञान नको असतंय. पेठेच्या फुटबॉल टीमची मॅच, एखादी जुनी कुस्ती, भावानं पाठवलेली रील. हसायचं आणि झोपायचं. दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकापुढं हसतमुखानं उभं राहायची ताकद त्यातनंच येत्या.

शाहू महाराजांनी १९१७ ला प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं हे सगळ्यांना पाठ आहे. त्याच महाराजांनी १९१२ ला खासबागेचं कुस्तीचं मैदान उभं केलं आणि १९१५ ला त्याला लागूनच पॅलेस थिएटर, म्हणजे आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. शिकणाऱ्या पोरांसाठी बोर्डिंगं काढणाऱ्या राजानं कुस्ती आणि नाटकाला कमी लेखलं नाही. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री नाट्यगृह जळालं तेव्हा माझ्या ओळखीची माणसं रस्त्यावर उभी राहून रडत होती. ज्याच्यासाठी माणूस रडतंय ते टाइमपास कसं म्हणायचं?

आणि बघून बघून पण कळतंय की. मला ऑफसाइड शिकवाय कोण आलं नव्हतं. पास ज्या क्षणाला पायातनं सुटतो त्या क्षणाला पुढचा गडी कुठं उभा होता ते बघायचं, बॉल त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा नव्हे. हे मला मोबाइलवर मॅच मागं-पुढं करूनच कळलंय.

विज्ञानाच्या_बाई:

दादा, मॅच मागं-पुढं करून पास कधी सुटला ते बघणारा माणूस अभ्यासच करतोय. माझ्या मुलांनी प्रयोगाचा व्हिडिओ असा बघितला तर मला आणखी काय पाहिजे! आणि रात्री हसून झोपणाऱ्याला मी कधीच नावं ठेवणार नाही.

एक विचारते. तुमचं दुकान महाद्वार रोडला आहे, म्हणजे त्या दिवसांत ऊन रस्त्यानं कसं येतं ते तुम्हाला रोज दिसत असणार. त्या दिवसांत मावळतीची जागा रोज सूर्यबिंबाच्या साधारण निम्म्या रुंदीएवढी सरकते. दुकानाच्या दारात त्याचा फरक दिसतो का?

पेठेतला:

दिसतोय की. समोरच्या बोळाच्या कोपऱ्यावर ऊन येतंय ते रोज थोडं थोडं सरकतंय. निम्म्या बिंबाएवढं हे माहीत नव्हतं. आता मुद्दाम बघतो. शटरवर चिकटपट्टी लावून तारीख लिहितो, मालकाला विचारतो आधी.

भोगावतीकाठ:

मी ऊस उत्पादक. शेतीतलं सांगतो, कारण इथं फोनवर बघितलेल्याची किंमत रोख मोजावी लागते.

हुमणी, म्हणजे उसाच्या मुळ्या खाणारी अळी, सगळ्यांना माहीत आहे. ऑगस्ट-सप्टेंबरात ऊस पिवळा पडायला लागतो, वाळतो, आणि बेट धरून ओढलं की अलगद हातात येतं, कारण खाली मुळ्या राहिलेल्याच नसतात. त्या वेळी सगळं गाव फोनवर हुमणी, हुमणी शोधतं. मग सगळ्यांच्या फोनवर हुमणीचेच व्हिडिओ यायला लागतात: हे औषध ओता, ते औषध ओता. तोपर्यंत अळी चांगली मोठी झालेली असते, सरीत पाणी असतं, औषधाचा पैसा मातीत जातो. ज्ञान खरं असतं, पण ते आपल्या दारात येतं तेव्हा वेळ गेलेली असते.

हुमणीचा बंदोबस्त करायची वेळ मे-जूनमध्ये असते. पहिला वळीव पडला की दिवस मावळताना हुमणीचे भुंगेरे जमिनीतनं बाहेर निघतात आणि बांधावरच्या कडुलिंबावर, बाभळीवर, बोरीवर बसतात. पाला खातात, तिथंच नर-मादी जमतात, मग मादी मातीत अंडी घालते. त्या रात्री झाडाखाली जुनं पटकूर अंथरायचं, काठीनं फांद्या झोडपायच्या, पडलेले भुंगेरे गोळा करून रॉकेल मिसळलेल्या पाण्यात टाकायचे. दिव्याचा सापळा लावायचा. एकट्यानं करून भागत नाही, शेजारचे चार बांध बरोबर यायला लागतात. पुढं अळीला मारणारी मेटारायझियम बुरशी शेणखतात मिसळून जमिनीत द्यायची.

मे महिन्यात हुमणी कुणाच्या डोक्यात नसते, म्हणून फोनवरही दिसत नाही. लोक जे आत्ता शोधतायत तेच फोन पुढं करतो. यासाठी मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर महिन्याच्या पानाला लिहून ठेवतो, या महिन्यात काय शोधायचं. मे आला की पान सांगतं, मग मी फोन उघडतो. आमच्या गल्लीतल्या तरण्या पोरांना पण तेच सांगतो. ही पोरं ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवरची पिकाची नोंद, सगळ्या भावकीची करून देतात, शेतात उभं राहून फोटो, जागेची नोंद, सगळं झटक्यात. फोनची त्यांना भीती नाही. त्यांना महिना कळायला पाहिजे.

आणि एक. ग्रुपवर पानाचा फोटो टाकला की पन्नास उत्तरं येतात. आमच्या शेजारचे तात्या फोन वापरत नाहीत. ते पान उलटं करून बघतात, देठापाशी नख लावतात, मग बोलतात. फोटोतनं पानाची मागची बाजू दिसत नाही हे मी त्यांच्याकडनं शिकलो. आता फोटो टाकतो तो दोन्ही बाजूंचा, आणि खालच्या मातीचाही.

शिलाईघर:

बाई, मी फुलेवाडीत घरीच शिलाई करते. तुमचं वहीचं वाचलं आणि लिहावंसं वाटलं.

साधा ब्लाउज मी आईकडून शिकले. कटोरी ब्लाउज मात्र फोनवर शिकले. माझी पद्धत सांगते. व्हिडिओ लावला की पहिल्यांदा आवाज बंद करते. बोलणाऱ्या बाई "एकदम सोप्पं" म्हणत राहतात आणि त्या बोलण्यात हात कुठं वळला ते निसटतं. आवाज नसला की डोळे हातावर राहतात. मग गती निम्मी करते. मुंढ्याचा, म्हणजे बाही जोडतात तिथला, गोल घेताना कात्री जिथं वळते तिथं थांबवते. जुन्या वर्तमानपत्रावर तसाच गोल काढते, कापते, कापलेला कागद स्वतःच्या खांद्याला लावून आरशात बघते. कागदावर जमल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या कापडाला कात्री लावायची नाही, हा माझा नियम आहे.

यातली खरी अडचण अशी की महत्त्वाचं तेच व्हिडिओत सांगत नाहीत. छाती ३६ असेल तर चौथा भाग ९, हे सगळे सांगतात. माया, म्हणजे शिवणीसाठीचं जादा कापड, किती सोडायची, अस्तर लावलं की त्यात किती फरक पडतो, सुती कापड पहिल्या धुण्यात आटतं त्याचं काय करायचं, यावर कुणी बोलत नाही. शिवणाऱ्या बाईला ते इतकं अंगवळणी पडलेलं असतं की सांगायचं लक्षातच येत नाही. म्हणून मी खाली प्रश्न विचारते. निम्म्या वेळा उत्तर येतं, आणि ते उत्तर त्या व्हिडिओपेक्षा कामाचं असतं.

करमणूक म्हणाल तर तोच फोन. मशीनवर सरळ शिलाई मारायची असते तेव्हा मालिका लावते, नुसती ऐकते. अभंग लावते. दुपारची वेळ त्यानंच सरते. पण कापायला बसले की फोन पालथा ठेवते.

अभ्यासिका_राजारामपुरी:

एक मनापासून विचारायचं आहे. मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय. सकाळपासून लेक्चर बघतो, कधी दुप्पट वेगानं. ७३ वी घटनादुरुस्ती, अकरावी अनुसूची, पंचायतींचे २९ विषय, ऐकताना सगळं ओळखीचं वाटतं. दोन दिवसांनी कुणी विचारलं की त्यातले सहा-सात आठवतात. इथं आम्ही सगळे असेच आहोत, दिवसभर कानात हेडफोन. हे करमणुकीत धरायचं की अभ्यासात?

विज्ञानाच्या_बाई:

बाळा, ओळखीचं वाटणं आणि आठवणं या डोक्याच्या दोन निराळ्या गोष्टी आहेत. यावर रोडिगर आणि कार्पिके या दोघा अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये छापलेला प्रयोग मी दर वर्षी वर्गात सांगते. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तोच परत वाचला. काहींनी उतारा बाजूला ठेवून जेवढं आठवतंय तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढं होते. आठवड्यानं घेतली तर लिहिणारे पुढं गेले. म्हणजे परत वाचल्यावर, परत ऐकल्यावर वाटणारा आत्मविश्वास खरा असतो, पण तो लवकर ओसरतो. तुझी परीक्षा पाच मिनिटांनी नाही, काही महिन्यांनी आहे.

लेक्चर सोडू नकोस. दर दहा-पंधरा मिनिटांनी थांबव. हेडफोन काढ. कोऱ्या कागदावर लिही. २९ पैकी ११ आठवले तर ११ लिही, मग उरलेले बघ, आणि दोन दिवसांनी परत कोऱ्या कागदावर लिही. वेग दुप्पट ठेवून तू जो वेळ वाचवतोस तो यात घाल. शेजारच्या बाकावरच्या मित्रानं तुला विचारावं, तू त्याला विचारावंस. अभ्यासिकेची फी त्यासाठीच भरायची असते, नाहीतर लेक्चर घरीही दिसतं.

जुना_वाचक:

बाई, आपलं लिखाण मन लावून वाचलं. एका ठिकाणी वेगळं मत मांडतो. प्रश्न आधी पडला पाहिजे, असा आपल्या म्हणण्याचा रोख दिसतो. माझ्या अनुभवात पुष्कळदा मजा आधी येते आणि प्रश्न मागाहून.

कोल्हापूरचंच बघा. आनंदराव आणि बाबूराव पेंटर हे नात्यातले दोघे भाऊ, नाटकांचे पडदे रंगवायचं त्यांचं काम. बाहेरदेशाहून आलेली हलती चित्रं त्यांनी चार लोकांसारखीच मौज म्हणून बघितली. पण बघता बघता हे हलतं कसं, या प्रश्नानं दोघांना धरलं. प्रोजेक्टर मिळवला, खेळ लावले, यंत्र उघडून बघितलं. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूराव थांबले नाहीत. विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून त्यांनी स्वतःच्या बुद्धीनं कॅमेरा तयार केला, इथं कोल्हापुरात. महाराष्ट्र फिल्म कंपनी त्यातूनच उभी राहिली. दामले, फत्तेलाल, शांताराम तिथंच तयार झाले, आणि १९२९ साली त्यांनी याच गावात प्रभात काढली, जी १९३३ ला पुण्याला गेली. या सगळ्याच्या मुळाशी करमणूक आहे. मात्र ते दोघं ती बघून उठले आणि यंत्र उघडायला बसले, हे आपल्या मुद्द्याला धरूनच आहे.

मी करवीर नगर वाचन मंदिराचा जुना सभासद. १८५० पासूनची ही संस्था. तिथं कपाटापुढं उभं राहून हव्या त्या पुस्तकाच्या शेजारचं पुस्तक काढायची सवय लागली. आता गुडघे साथ देत नाहीत, तर मराठी विश्वकोश फोनवर वाचतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या देखरेखीखाली वाईला हे काम सुरू झालं, पहिला खंड १९७६ ला आला. तेव्हा खंड विकत घेणं सामान्य माणसाला परवडणारं नव्हतं, आम्ही ग्रंथालयात टेबलावरच वाचायचो. आज तो फोनवर विनामूल्य आहे. परवा गुळाविषयी काही बघायला म्हणून उघडला. गुळावरून ऊस, उसावरून साखर, साखरेवरून आणखी कुठं, असा रात्री उशिरापर्यंत फिरत राहिलो. झोप गेली, पण तो आनंद काय सांगू! यात माझा प्रश्न पहिल्या पानावरच संपला होता. पुढचा सगळा प्रवास हौसेचा.

आपल्या विद्यार्थ्यांना विश्वकोश फोनवर आहे हे सांगा. पुष्कळ शिक्षकांनाही ठाऊक नाही. नोंदीखाली लेखकाचं नाव असतं, ही मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. कोण सांगतंय ते कळतं.

विज्ञानाच्या_बाई:

काका, प्रश्न मागाहून आला तरी चालेल. फक्त तो यायला थोडी उसंत लागते, आणि एक रील संपायच्या आत दुसरी सुरू झाली की ती उसंतच मिळत नाही. बाबूराव पेंटरांना खेळ संपल्यावर चालत घरी जायचं होतं. विश्वकोशाचं उद्याच वर्गात सांगते.

पुण्यातली_लेक:

माझं माहेर शुक्रवार पेठेत, नदीपासून लांब नाही. पावसाळ्यात मी पुण्यात बसून काय भोगते ते कोल्हापूरकरच समजू शकतील.

जुलैत पाऊस लागला की माझ्या फोनवर पुराच्या पाण्याचे व्हिडिओ सुरू होतात. ड्रोननं काढलेले, मागं संगीत घातलेले, दिसायला सुंदर. त्यात अर्धे २०१९ चे, काही २०२१ चे, काही दुसऱ्याच गावचे. लोक ते एकमेकांना पाठवतात, वाईट हेतूनं नाही, पण जिवाचा थरकाप होतो. त्याच वेळी आईला फोन लावला तर ती शांतपणे सांगते, "अगं, अजून पाणी पात्रातच आहे."

मग बाबांनी आणि मी एक पद्धत पाडली. व्हिडिओ कुठलाही येवो, आपण पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायची. ३९ फूट ही इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा घरात कुठपर्यंत आलं त्याची खूण भिंतीवर आहे. म्हणजे आकडा कळला की आपल्या उंबऱ्याचा हिशेब लागतो. बाबा सकाळ-संध्याकाळ आकडा कॅलेंडरच्या चौकटीत लिहितात आणि शेजारी फरक लिहितात: पाच इंच वाढ, दोन इंच वाढ, स्थिर. नुसत्या आकड्यापेक्षा त्यांना फरकावरून जास्त कळतं. वाढीचा वेग कमी झाला की आईला सांगतात, "गाद्या वर टाकायची घाई नको."

राधानगरी धरणाचं पण तसंच. दार उघडलं अशी बातमी आली की गावभर हलकल्लोळ, रात्रीत पाणी सोडलं, कुणी सोडलं, का सोडलं. बाबांनी एकदा बसून सगळं वाचून काढलं. तिथली सात दारं स्वयंचलित आहेत. धरण भरून पाणी ठरावीक पातळीला गेलं की पाण्याच्याच दाबानं दार उघडतं, पातळी उतरली की मिटतं. एका दारातून १४२८ क्युसेक पाणी येतं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर, म्हणजे एका दारातून सेकंदाला सुमारे ४० हजार लिटर. हे कळल्यापासून बाबा ग्रुपवर तेवढंच लिहितात: किती दारं उघडी, किती क्युसेक, बंधाऱ्याला किती फूट. आता गल्लीतली माणसं त्यांनाच विचारतात. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं फोनवर स्वतः शोधून गल्लीचा घोर कमी केला, याचा मला फार अभिमान आहे.

उद्यमनगर:

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिलंय सगळ्यांनी, पण एक गोष्ट कुणी नीट मांडली नाही म्हणून लिहितो. सगळा भार बघणाऱ्यावर टाकू नका.

मी फाउंड्रीत आहे. कास्टिंगला, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाला, ब्लो होल (वायू अडकून पडलेली भोकं) यायला लागले की आम्ही कारण शोधतो. वाळूत ओल जास्त झाली का, व्हेंट, म्हणजे वायू जायच्या वाटा, बुजले का, कोअर, म्हणजे साच्यातला वाळूचा गाभा, नीट भाजला नव्हता का. सुपरवायझर जाग्यावर नसला तर पोरं फोन काढतात. उत्तर मिळतं, चांगलं मिळतं. पण उत्तराचा व्हिडिओ संपतोय तोवर पुढचा आपोआप सुरू, परदेशातल्या कुठल्या अजस्र प्रेसखाली लालभडक लोखंड दाबतायत. कुणाही लोखंडात काम करणाऱ्याची नजर त्याच्यावरनं हलणार नाही. ते बघून आमच्या साच्याला काही उपयोग नाही.

हे मुद्दाम तसं बांधलेलं आहे. यूट्यूबनं २०१२ मध्ये पद्धत बदलली. आधी किती जणांनी व्हिडिओ उघडला हे मोजत होते, नंतर माणूस किती वेळ बघत राहिला याला जास्त महत्त्व आलं. ज्याला उत्तर मिळालं तो फोन खिशात ठेवून कामाला लागतो. ज्याला उत्तर अर्धवट मिळालं तो बघत राहतो. मग पुढं कोणता व्हिडिओ येणार? आठवीच्या पोराला सांगायचं की प्रश्न मनात धरून बस, आणि समोर हजारो इंजिनिअर त्याचं लक्ष हलवायला बसलेले. ही कुस्ती जोडीची नाही.

म्हणून पोराला उपदेश करण्याआधी फोन जरा आवळून द्या. ऑटोप्ले बंद करा. यूट्यूबची वॉच हिस्टरी बंद करून जुनी पुसून टाका. ऑगस्ट २०२३ पासून असं आहे की हिस्टरी बंद आणि रिकामी असली की होम पानावर सुचवलेले व्हिडिओ येतच नाहीत, पान मोकळं दिसतं. वर शोधायची जागा तेवढी राहते. म्हणजे काय पाहिजे ते आधी स्वतः लिहायला लागतं. बाईंचा जो प्रश्न आहे तो तिथं सक्तीनं पडतो. आमच्या शिफ्टमधल्या बऱ्याच जणांनी केलंय. मॅच बघायची तर मॅच शोधून बघतात, बघितली की झालं.

पेठेतला:

भावा, हे एक नंबर सांगितलंस. मला मॅच बघायची असत्या आणि तिसऱ्याच कुणाची तरी भांडणं बघत बसलेला असतोय. आज रात्रीच करतो.

शिलाईघर:

दादा, ही सेटिंग नेमकी कुठं असते? सासूबाईंच्या फोनवर करायची आहे. त्या भजन लावतात आणि थोड्या वेळानं त्यावर काहीतरी भलतंच सुरू झालेलं असतं, घाबरून मला हाक मारतात.

उद्यमनगर:

वहिनी, सासूबाईंच्या फोनवर घाई करू नका. होम पान मोकळं झालं की त्यांची रोजची भजनंही समोरनं जातील आणि त्यांना टाइप करायला जमत नसेल तर त्या अडून बसतील. आधी त्यांची ठरलेली भजनं उघडून एकेक सेव्ह करा, एकच प्लेलिस्ट करा, तिला त्यांना ओळखू येईल असं मराठीत नाव द्या. मग यूट्यूबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन मॅनेज ऑल हिस्टरी उघडा, तिथं हिस्टरी बंद करायचं आणि जुनी पुसायचं, दोन्ही मिळेल. ऑटोप्लेचं बटण व्हिडिओ चालू असताना वरच्या बाजूला दिसतं. आणि शोधायच्या जागी माइकचं चिन्ह असतं, ते दाबून बोललं तरी चालतं, मराठीत बोललेलं बऱ्यापैकी कळतं त्याला.

शिलाईघर:

झालं दादा. प्लेलिस्टला "आईंची भजनं" नाव दिलंय. माइकवर त्यांनी स्वतः "ज्ञानेश्वरीचा नववा अध्याय" म्हणून बघितलं, आणि आला.